बारा उजवे बूट

मुकुंदराव पळसुले दोन हजार नऊ साली पंधरा दिवस हॉलंडला जाऊन आले, आणि तेव्हापासून चाकणच्या त्यांच्या कंपनीत हॉलंड हा विषय सातबाऱ्यावर चढवावा तसा त्यांच्या नावावर लागला. कॅन्टीनमध्ये कुणी चीजचं नाव काढलं की ते ताट बाजूला सारून सरसावून बसत. कुणी 'हॉलंड' म्हणालं तर 'नेदरलँड्स म्हणा, हॉलंड हा त्याचा एक भाग' अशी दुरुस्ती करत आणि पुढच्याच वाक्यात स्वतः 'आम्ही हॉलंडला असताना' म्हणत. कंपनी मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवते. डाव्या दाराची डावी, उजव्या दाराची उजवी. तिथल्या क्वालिटी खात्याचे मुकुंदराव प्रमुख, म्हणजे सव्वीस वर्षं ते डाव्याला डावं आणि उजव्याला उजवं म्हणण्याचं काम करत आले होते. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांनी जे केलं ते कळल्यावर तुम्हाला वाटेल की हा माणूस बिजागरीच्या वाऱ्यालाही कधी उभा राहिला नसावा.

प्रकरण सुरू झालं सोमवारच्या मीटिंगमध्ये. तीन आठवड्यांनी नेदरलँड्सच्या भागीदार कंपनीचे पाहुणे यायचे होते आणि त्यांच्यासाठी कार्यक्रम कोणता ठेवायचा यावर खल चालला होता. प्लांट हेड निरंजन, वय अडतीस, मुकुंदरावांना 'सर' म्हणणारा पण त्यांच्या रजेच्या अर्जावर सही करणारा, म्हणाला, "लेझीम दोनदा झाली. ढोल झाला. गेल्या वर्षी फेटे बांधले, तर त्यांच्या फायनान्सवाल्याला शिंका सुरू झाल्या त्या विमानात बसेपर्यंत थांबल्या नाहीत. या वेळी काहीतरी फ्रेश पाहिजे."

"त्यांचाच नाच त्यांना दाखवू या," मुकुंदराव म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी पाहिलं की मुकुंदरावांना थांबता येत नाही. हॉलंडच्या एका गावच्या जत्रेत त्यांनी शेतकरी जोडप्यांना लाकडी बूट घालून फरसबंद चौकात नाचताना पाहिलं होतं. पुरुषांचे काळे कपडे, गळ्यात लाल रुमाल, बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या कडक टोप्या, बाजूला एक म्हातारा अकॉर्डियन वाजवतोय, आणि बूट असे वाजतायत की पलीकडच्या कुरणातल्या गाई चरायचं सोडून बघतायत. "क्लोंपेन म्हणतात त्या बुटांना," ते म्हणाले. "अखंड लाकडातून कोरलेले. मी बसवतो नाच. तीन जोडपी पुरेत."

"सर, तुम्हाला येतो तो नाच?"

"मी बघितलाय," मुकुंदराव म्हणाले. क्वालिटीच्या माणसाची ही जुनी समजूत असते, की तपासता आलं म्हणजे करताही येतं.

घरी त्यांच्या पत्नी वासंतीबाई कणीक मळत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्टेज असणार आहे?"

"आहे ना. डिस्पॅचच्या शेडमध्ये. चांगलं मोठं."

"आणि बघायला माणसं?"

"दोनशे तरी."

वासंतीबाईंनी कणकेचे हात तसेच वर धरले आणि ओट्यापासून फ्रिजपर्यंत एक गिरकी घेतली. एक्कावन्न वर्षांच्या बाईने घ्यावी त्यापेक्षा ती बरीच वेगात होती.

या गिरकीला कारण होतं. कॉलेजात असताना वासंतीबाई लोकनृत्याच्या चमूत पुढच्या रांगेत मधोमध असत. चमू पुण्यातल्या अंतिम फेरीत पोचला आणि नेमका त्याच रविवारी मुकुंदरावांच्या घरच्यांनी मुलगी बघायला यायचं ठरवलं, कारण रत्नागिरीहून आलेल्या त्यांच्या काकांना सोमवारी परतायचं होतं. चमूचा पहिला नंबर आला, पेपरात फोटो आला, आणि फोटोत मधोमध दुसरीच मुलगी होती. वासंतीबाई त्या वेळी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेरच्या खोलीत उभ्या होत्या. हे त्या रागाने कधीच सांगत नसत. वर्षातून एकदा हसत हसत सांगत, आणि मुकुंदरावांना ते रागापेक्षा जास्त लागे. त्या संध्याकाळी त्यांनी मनाशी पक्कं केलं की हिला एकदा स्टेजवर उभी करायचीच, मग मध्ये कोण येतं ते बघू. मध्ये बरेच जण आले.

पहिले आले सोपानराव. मुकुंदराव राहतात त्या आकुर्डीच्या आमच्या 'निर्मिती हाइट्स' सोसायटीचे हे सेक्रेटरी, मूळचे इथल्याच गावचे, दुचाकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि राहायला नेमके गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये. गच्चीवर सराव सुरू होऊन तीन दिवस झाले होते. मुकुंदरावांची मुलगी इरा हिने व्हिडिओ शोधून पावलं मोजून काढली होती. पहिल्या मजल्यावरचे ज्ञानेश आणि रश्मी हे नवं लग्न झालेलं जोडपं सामील झालं होतं, कारण त्या दिवसांत दोघांनी मिळून करायची कुठलीही गोष्ट त्यांना चालत असे. लाकडी बूट यायचे होते, तोवर सगळे घरातले सापडतील ते जाड तळाचे बूट घालून नाचत. चौथ्या दिवशी सोपानराव हातात नोटीस घेऊन वर आले. मागून त्यांच्या पत्नी शालनबाई.

"पळसुले साहेब, गच्ची वाळवणाला अन् कोजागिरीला. नियम हाय," सोपानराव म्हणाले. "आमच्या घरात पंखा हलतोय."

"चालू असेल हो."

"बंद पंखा हलतोय."

मुकुंदराव घसा खाकरत असतानाच शालनबाई पुढे झाल्या. वासंतीबाई आणि रश्मी हात धरून, टाच, चवडा, टाच करत फिरत होत्या. शालनबाईंनी पदर खोचला. "अवं, ही तर फुगडीच हाय की. नुसते बूट घातलेत," असं म्हणून त्या मध्ये शिरल्या आणि बाहेर येईनात. सोपानराव पाच मिनिटं नोटीस धरून उभे राहिले. मग त्यांनी ती घडी घालून खिशात टाकली, घरी जाऊन कारखान्यातले जुने सेफ्टी बूट चढवून आले आणि म्हणाले, "तिसरं जोडपं कमी हाय म्हणत व्हता ना?" दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली की आंतरराष्ट्रीय नृत्याचा सराव हा वाळवणाच्या हंगामात मोडतो, सबब परवानगी आहे. खाली सही सोपानरावांची, आणि अर्जदार म्हणूनही सोपानरावच.

आता सगळी सोसायटी त्यात उतरली. लाकडी बूट पायाला लागतात हे कळल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. एकाने आतून एरंडेल चोपडायला सांगितलं. एकाने कापूस, एकाने भाताचा पेंढा. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी लाकूड पायाखाली असलं की बीपी उतरतं असं सांगून मुकुंदरावांचं बीपी मोजायला यंत्रही आणलं. ते दीडशेवर निघालं. काकांचं म्हणणं पडलं, बूट अजून आले नाहीत ना, म्हणून.

सरावात मुकुंदरावांची स्थिती काय होती हे न सांगितलेलं बरं, पण सांगतो. त्यांना तालावर डावा पाय कुठला ते आठवत नसे. बिजागरी हातात दिली तर डोळे मिटून डावी-उजवी सांगणारा माणूस, अकॉर्डियन सुरू झालं की स्वतःच्याच पायांकडे परक्या खात्यातून आलेल्या फायलीकडे बघावं तसं बघायचा. "डावा, अहो, डावा," वासंतीबाई हळूच म्हणत. त्या मात्र तिसऱ्याच दिवशी इराच्या व्हिडिओच्या पुढे निघून गेल्या होत्या. पोळ्या लाटताना तीच धून गुणगुणत. भाजी आणायला जाताना मेट्रोच्या पुलाखाली, रिक्षावाले बघतायत याची पर्वा न करता, टाच-चवडा करत. एक दिवस त्या म्हणाल्या, "मला रात्री झोपच लागत नाही. अंथरुणातही पाय ताल धरून असतात." आणि हसल्या. मुकुंदरावांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी कंपनीत एकही बिजागरी नापास केली नाही.

बुटांचं काम त्यांनी दिलं होतं ज्योतीरामला. ज्योतीराम मूळचा लातूरकडचा. तळवड्यात त्याची शेड. बिजागऱ्यांच्या पेट्यांखाली घालायचे लाकडी पॅलेट तो बारा वर्षं पुरवत होता आणि बारा वर्षं मुकुंदराव ते परत पाठवत होते. कधी खिळा दोन मिलिमीटर वर आहे, कधी फळीला गाठ आहे. ज्योतीराम बिचारा म्हणायचा, "सायेब, पेटीच ठेवायची की हो त्याच्यावर," आणि मुकुंदराव बोट वर करून सांगायचे, "ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग, ज्योतीराम. मनाने काही करायचं नाही."

तर बुटांचंही ड्रॉइंग झालं. नुसतं झालं नाही, मुकुंदरावांनी दोन रविवार घालवून ते स्वतः काढलं. वरून, बाजूने, समोरून. टाचेची उंची, टोकाचा बाक, मोजमापात फरक अर्धा मिलिमीटर. 'कडा मोडून घ्याव्यात.' 'गाठ चालणार नाही.' खाली सहा जणांच्या पायांच्या मापांचा तक्ता आणि प्रत्येक मापापुढे नग दोन. एकूण नग बारा. ते ड्रॉइंग बघून ज्योतीरामने हात जोडले होते.

कार्यक्रम शुक्रवारी. मंगळवारी संध्याकाळी ज्योतीराम टेम्पो घेऊन सोसायटीत आला आणि अख्खी सोसायटी खाली उतरली. बूट काय सुरेख होते. गुळगुळीत, टोकाला होडीसारखे वळलेले. वजनाला मात्र प्रत्येकी सव्वा किलो. "बाभळीचे केलेत," ज्योतीराम म्हणाला. "बैलगाडीचं चाक व्हतंय ह्याचं. तुमच्या नातवंडांपर्यंत झिजत न्हाईत." वासंतीबाईंनी आपल्या मापाचा एक उचलला, उजवा पाय घातला, जमिनीवर आपटला. असा आवाज झाला की पार्किंगमधल्या एका गाडीचा अलार्म वाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी दुसरा उचलला. तोही उजव्याच पायात छान बसला.

मग शालनबाईंनी आपले बघितले. रश्मीने बघितले. मुकुंदरावांनी बाराच्या बारा बूट पार्किंगमध्ये ओळीने मांडले. बाराही टोकं एकाच बाजूला वळलेली होती.

"ज्योतीराम," मुकुंदराव म्हणाले, "डावे कुठायत?"

"डावे कुठले, सायेब?"

"माणसाला दोन पाय असतात."

"असतात की. पर ड्रॉइंगमधी एकच हाय." ज्योतीरामने खिशातून कागद काढला, नीट उलगडला आणि पुढे धरला. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता, आणि बारा वर्षांनंतर एवढा संयम ज्याला जमतो तो माणूस थोर म्हटला पाहिजे. "नग बारा लिव्हलंय. बारा दिले. मनानं काही केलं न्हाई."

मुकुंदरावांनी कागद घेतला. कोपऱ्यात, जिथे 'उजवा दाखवला आहे, डावा याच्या उलट' ही ओळ असायला हवी, तिथे काहीच नव्हतं. ही ओळ त्यांच्या कंपनीत काल लागलेली शिकाऊ मुलंही झोपेत लिहितात. नाही लिहिली तर मुकुंदराव त्यांना आपल्या टेबलापुढे उभं करून विचारतात, "गाडीला उजवीकडेच चारही दारं बसवायची का?" आता हा प्रश्न त्यांना विचारायला कुणी नव्हतं, पण भोवती उभ्या असलेल्या सत्तावीस माणसांच्या नजरेत तो स्वच्छ दिसत होता. त्यांनी कागदाची घडी घालून तो ज्योतीरामला परत दिला. मग म्हणाले, "माल ड्रॉइंगप्रमाणे आहे. पास." असं म्हणताना त्यांना किती जड गेलं हे एकट्या वासंतीबाईंना कळलं.

उजव्यांवरच निभावून नेता येईल का हेही बघितलं. दोन्ही पायांत उजवे घातले की दोन्ही पावलांची टोकं डावीकडे वळतात आणि माणूस बुटांच्या मागे जातो. गच्चीवर सहाही जणांचा गोल फिरत फिरत डावीकडे सरकला आणि दुसऱ्या कडव्याला पाण्याच्या टाकीला जाऊन टेकला. सोपानराव म्हणाले, "स्टेज लांबट असलं तर चालंल." पण स्टेज चौकोनी होतं. तेव्हा ज्योतीरामने सहा डावे करून द्यायचे असं ठरलं. बाभूळ संपली होती. पॅलेटचं पाइनचं लाकूड होतं, ते वापरायचं. मुकुंदरावांनी जिन्यातच नवं ड्रॉइंग काढलं आणि त्यावर लाल पेनाने 'डावा' असं तीन ठिकाणी लिहिलं.

बुधवारी सकाळी त्यांना योगिनीने बोलावलं. योगिनी ही कंपनीची सेफ्टी ऑफिसर. अठ्ठावीस वर्षांची, शांत, आणि कागद पुरा असल्याशिवाय देवालाही कामाच्या जागेभोवतीच्या पिवळ्या रेषेच्या आत येऊ न देणारी. "सर, डिस्पॅचची शेड पिवळ्या रेषेच्या आत येते," ती म्हणाली. "तिथे सेफ्टी शूज कंपल्सरी आहेत. लाकडी बूट चालणार नाहीत."

"नेदरलँड्समध्ये ते सेफ्टी शूज म्हणूनच चालतात," मुकुंदराव म्हणाले. हे खरं होतं, पंधरा दिवसांत त्यांनी तेवढं तरी धरून आणलं होतं.

"मग सर्टिफिकेट द्या."

ते बोलत असतानाच निरंजन आत आला आणि त्याने त्याहून वाईट सांगितलं. "सर, हेड ऑफिसचा मेल आहे. स्टेजवर फक्त एम्प्लॉयी पाहिजेत. बाहेरच्या माणसांना काही झालं तर इन्शुरन्स नाही. तुम्ही लीड करा, आपली ट्रेनी मुलंमुली घेऊ, ते दोन दिवसांत शिकतील. वहिनींना आपण पहिल्या रांगेत बसवू. मस्त सोफा ठेवू."

मुकुंदराव 'बरं' म्हणाले. सव्वीस वर्षांची सवय. संध्याकाळी घरी आले तेव्हा वासंतीबाई पांढऱ्या टोपीला इस्त्री करत होत्या. टोप्या कासारवाडीच्या एका टेलरने शिवल्या होत्या. तो शाळांच्या बँडचे कपडे शिवतो, त्यामुळे त्याने सगळ्या टोप्या दोन बोटं सैल ठेवल्या होत्या, मुलं वाढतात म्हणून. "सैल आहे, पण पिना लावीन," वासंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प का? बूट येतील हो उद्या. डावा पाय चुकलात तरी मी आहे ना शेजारी." पहिल्या रांगेतला सोफा मुकुंदरावांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी तो विषय काढलाच नाही. आमटी फार छान झाली आहे असं दोनदा म्हणाले, तर त्या दिवशी आमटी नव्हतीच, पिठलं होतं.

रस्ता सापडला गुरुवारी सकाळी, चाकणच्या चौकात बस अडकून पडली असताना. तो चौक फार मोठा शिक्षक आहे, तिथे माणसाला विचार करायला रोज पाऊण तास मिळतो. मुकुंदरावांना आठवलं की बाहेरची माणसं कंपनीत रोज येतात आणि रेषेच्या आत कामही करतात. पुरवठादाराने नवा भाग बनवला की त्याची चाचणी घ्यायला त्याची माणसं येतात, आणि त्यांचा विमा त्या फॉर्मवरच निघतो. मग मुकुंदरावांनी टेबलापाशी बसून एक फाइल उघडली. भागाचं नाव: लाकडी पादत्राण, उजवे व डावे. पुरवठादार: ज्योतीराम. चाचणीचं ठिकाण: डिस्पॅच शेड. चाचणीचा प्रकार: सतत आघात, आठ मिनिटं, संगीतासह. चाचणी करणारे: पुरवठादाराचे पाच प्रतिनिधी. पहिलं नाव, वासंती मुकुंद पळसुले.

योगिनीने फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून. तिला कळलं होतं यात शंका नाही, पण फाइल पुरी होती. "आघात चाचणीचा रिपोर्ट नाहीये," ती म्हणाली. "किमान तीन नमुने लागतील."

"सहा देतो," मुकुंदराव म्हणाले, कारण सहा जादा उजवे बूट ज्योतीरामच्या टेम्पोत पडलेच होते. आपल्या चुकीचा एवढा उपयोग फार थोड्यांना करता येतो.

क्वालिटीच्या लॅबमध्ये वरून वीस किलोचं वजन सोडायचं यंत्र होतं. पहिला बूट ठेवला, वजन सोडलं. वजन उडून बाजूला पडलं. दुसऱ्या बुटाला वजनाचाच कोपरा चेपला. तिसऱ्याला यंत्राचा बोल्ट निघाला आणि योगिनीने हात वर करून थांबवलं. तिने रिपोर्टवर लिहिलं, पास. मग विचारलं, "आणि डावे?"

डावे तेव्हा तळवड्यात रंध्याखाली होते, आणि पाइनचे होते. माल पोचवायला आलेला ज्योतीराम दारातून म्हणाला, "मॅडम, डावा पाय रेषेच्या भायेर ठिवून नाचतील की." योगिनी पहिल्यांदाच हसली. तिने खाली शेरा मारला: उजवा पाय मंजूर. डावा पाय एका कार्यक्रमापुरता डेव्हिएशनवर, म्हणजे नियमाला अपवाद म्हणून. हेल्मेट आणि नारिंगी जॅकेट सक्तीचं.

निरंजनपुढे फाइल गेली तेव्हा तिच्यावर अकरा सह्या होत्या. अकरा सह्यांच्या फाइलला नाही म्हणण्याची धमक अजून चाकणमध्ये कुणात निपजलेली नाही. त्याने बारावी केली.

शुक्रवारी पुरवठादाराचे पाच प्रतिनिधी गेटवर हजर झाले. त्यांना वीस मिनिटांची सुरक्षेची फिल्म दाखवण्यात आली. शेवटी आग लागली तर कुठे जमायचं असं विचारलं, तेव्हा ज्ञानेश आणि रश्मी एकमेकांकडे बघत होते, पण शालनबाईंनी बाण दाखवून बरोबर सांगितलं. सोपानराव कारखान्याच्या भिंती वास घेतल्यासारखे बघत होते आणि म्हणत होते, "बत्तीस वर्षं आमी ह्येच केलं." डावे बूट तिथेच हातात पडले. पॅलेटच्या फळ्यांतून काढल्यामुळे त्यांच्यावर छापील खुणा तशाच होत्या. रश्मीच्या बुटावर छत्री, सोपानरावांच्या बुटावर वर तोंड केलेले दोन बाण, मुकुंदरावांच्या बुटावर नाजूक मालाचा तो काचेचा पेला. उजवा सव्वा किलो आणि डावा जेमतेम अर्धा. चालून पाहिल्यावर 'धाड-टिक, धाड-टिक' असा आवाज यायला लागला.

हेल्मेट घालायचं म्हणजे टोप्या गेल्या, म्हणून वासंतीबाई क्षणभर हिरमुसल्या. मग त्यांनी आपली टोपी उचलून सरळ पिवळ्या हेल्मेटवरच ओढली. कासारवाडीच्या टेलरचं भलं होवो, दोन बोटं सैल होती ती बरोबर बसली.

स्टेजमागे उभ्या असताना वासंतीबाई टोपी पुन्हा पुन्हा नीट करत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मला एकही पाऊल आठवत नाहीये."

"मला तर कधीच आठवत नव्हतं," मुकुंदराव म्हणाले. त्या हसल्या आणि अकॉर्डियन सुरू झालं.

पहिलं कडवं कसं गेलं ते मुकुंदरावांना विचारू नका. 'धाड-टिक'ने अख्खी शेड घुमत होती, पत्रे झिणझिणत होते, नारिंगी जॅकेटं चमकत होती आणि दुसऱ्या मिनिटाला दोनशे कामगारांनी ताल धरला. धाडवर टाळी, टिकवर शिट्टी. शालनबाई आता खुशाल फुगडी घालत होत्या. समोर सोफ्यावर पाहुण्यांचे प्रमुख हेंकसाहेब, साठीचे, सव्वासहा फुटांचे, गुडघ्यावर हात आपटत होते. ते निरंजनकडे वाकले आणि त्यांनी मोठ्या कुतूहलाने विचारलं की हा तुमच्या कुठल्या भागातला नाच. निरंजनने एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं आणि सांगितलं, "मावळातला."

तिसऱ्या कडव्यात डावा पाय उंच झटकायचा असतो. मुकुंदरावांनी या वेळी न चुकता डावाच झटकला. अर्ध्या किलोचा बूट पायातून सुटला, वर दिव्यापर्यंत गेला, आणि काचेच्या पेल्यासकट हेंकसाहेबांच्या मांडीवर येऊन पडला. अनवाणी डावा आणि सव्वा किलोचा उजवा अशा अवस्थेत मुकुंदराव एक फेरी लंगडले, दुसऱ्या फेरीत गोलाबाहेर फेकले गेले आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आले. आयुष्यभर जपलेली अब्रू दोनशे माणसांदेखत गेली होती. त्यांनी मान वर केली ती वासंतीची काय अवस्था झाली असेल या धास्तीने.

वासंतीबाई थांबल्या नव्हत्या. जोडीदार गेला होता, तेव्हा त्या सरळ गोलाच्या मध्ये सरकल्या होत्या. हात कमरेवर, मान ताठ, हेल्मेटवर पांढरी टोपी. 'धाड'ला त्या जमिनीला पाय देत आणि 'टिक'ला जमीन सोडत. बाकीच्या चौघांनी आपला गोल त्यांच्याभोवती धरला. ते अकॉर्डियनचं गाणं आता त्यांच्या मागून येत होतं. मुकुंदरावांच्या शेजारी उभा असलेला फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "कोण आहेत राव त्या मधल्या बाई?" मुकुंदरावांनी नीट दिसावं म्हणून डोळे पुसले. सत्तावीस वर्षं ही बाई त्यांच्या घरात होती, आणि ती अशी नाचते हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्यापुढे येऊन उभं राहिलं. योगिनी होती, हातात फॉर्म.

"सर, सॉरी, पण पिवळ्या रेषेच्या आत तुमचा एक पाय अनवाणी आहे. मला हे लिहावं लागेल."

"लिहा मॅडम, काय लिहायचं ते लिहा," मुकुंदराव म्हणाले. "फक्त जरा बाजूला सरा. मला दिसत नाहीये."